नेपाळचा ब्लॅक टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेपाळच्या चहावर काही लिहिलं की मागोमाग प्रश्न येतात, आणि त्यांतले बरेचसे आधी येऊन गेलेले असतात. म्हणून ते इथे एके ठिकाणी लावले आहेत. आधी साधे, मग किचकट. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नेपाळमध्ये खरंच चहा पिकतो? की दार्जिलिंगचाच तिकडून फिरून येतो?

पिकतो, आणि दीडशेहून जास्त वर्षं पिकतोय. नेपाळच्या पूर्व टोकाचा इलाम जिल्हा दार्जिलिंगला खेटून आहे. डोंगर तेच, धुकं तेच, मधे फक्त सरहद्द. इलामचे प्रशासक गजराजसिंह थापा हे नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान जंगबहादूर राणा यांचे जावई. त्यांनी १८६३ साली इलामच्या मळ्याची सुरुवात केली असं नेपाळमध्ये मानलं जातं. दोनच वर्षांनी खालच्या अंगाला सोक्तिमचा मळा उभा राहिला. म्हणजे दार्जिलिंगमधली व्यापारी लागवड यापेक्षा फार तर दहा-बारा वर्षांनी थोरली.

पुढे मात्र वाटा फुटल्या. दार्जिलिंगला ब्रिटिश भांडवल, रेल्वे आणि कोलकात्याचा लिलाव मिळाला. राणांच्या बंदिस्त नेपाळात इलामचा चहा जवळपास शंभर वर्षं जागच्या जागी राहिला. पहिला खासगी मळा १९५९ साली झापात आला, सरकारी चहा विकास महामंडळ १९६६ साली. १९८२ मध्ये राजे वीरेंद्र यांनी झापा, इलाम, पाँचथर, धनकुटा आणि तेह्रथुम हे पाच जिल्हे ‘चिया क्षेत्र’ म्हणून जाहीर केले आणि लागवड पसरायला लागली ती तेव्हापासून. आज तिथलं उत्पादन वर्षाला २५ हजार टनांच्या आसपास असतं. भारताच्या तुलनेत हे जेमतेम २ टक्के.

२. ब्लॅक टी म्हणजे आपला कोरा चहाच ना?

नाही. कोरा चहा म्हणजे दूध न घातलेला, मग पत्ती कुठलीही असो. ब्लॅक टी हा पत्तीचाच प्रकार आहे. तुमच्या डब्यातली रोजची चहा पावडरही ब्लॅक टीच आहे. ग्रीन, व्हाइट, ऊलाँग यांची पानंही त्याच झुडपाची, फक्त कृती निराळी (प्रश्न ७).

३. झापाचा चहा स्वस्त आणि इलामचा एवढा महाग का?

कारण ते दोन अगदी वेगळे चहा आहेत. झापा तराईत आहे, सपाट आणि दमट. मोठ्या पानांच्या आसामी जातीची झुडपं तिथे भराभर पानं देतात आणि ती सीटीसी यंत्रात जातात. या यंत्रातले दातेरी रूळ पान चिरडतात, फाडतात आणि त्याचे गोळीदार दाणे करतात. आसामात १९३० च्या सुमारास निघालेली ही पद्धत. चहा होतो गडद आणि कडक, दुधात न हरवणारा. नेपाळच्या एकूण उत्पादनात वजनाने मोठा वाटा याचाच. नेपाळी घरांत दूध-साखरेचा चहा होतो तोही बहुधा याचाच.

इलाम, पाँचथर, धनकुटा, तेह्रथुमच्या डोंगरांत साधारण हजार ते दोन हजार मीटरवर ऑर्थोडॉक्स चहा होतो, म्हणजे पान न फाडता वळलेला. थंडीत वाढ सावकाश होते, खुडणी हाताने आणि निवडक असते, म्हणून किलोमागे मजुरी कितीतरी जास्त पडते. यापुढची उत्तरं या डोंगरी चहाबद्दल आहेत. झापाची गोष्ट असेल तिथे तसं म्हटलं आहे.

४. हे मळे कुणाचे असतात? कंपन्यांचे की शेतकऱ्यांचे?

दोघांचेही. पण डोंगरातला चहा समजून घ्यायचा तर आधी शेतकरी पाहावा, कारण तिथली बरीच पत्ती घराभोवतीच्या लहान तुकड्यांतून येते. जमीन रोपनीत मोजतात. एक रोपनी म्हणजे आपले सुमारे पाच गुंठे. थोड्या रोपनी चहा, ओढ्याकाठी उत्तीसच्या झाडांच्या सावलीत मसाला वेलची, थोडं आलं, बांधावर केरसुणीचं गवत, गोठ्यात गाय. इलामचं घर असं चार-पाच गोष्टींवर चालतं, एकट्या चहावर नाही.

शेतकरी हिरवी पत्ती खुडतो आणि कारखान्याला विकतो. ऊस आणि साखर कारखाना ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना हे नातं समजवावं लागणार नाही. माल थांबत नाही, भाव दुसऱ्याच्या हातात आणि दरवर्षी दरावरून तणातणी. चहाची घाई तर उसाहून मोठी. पान पोत्यात गच्च भरून उन्हात राहिलं की आतून तापतं, लाल पडतं, आणि मग कारागीर कितीही मुरलेला असो, त्या पानातून चांगला चहा निघत नाही.

माझं मत असं, की नेपाळी चहाचा दर्जा उंचीपेक्षा आणि हवेपेक्षा या पोत्यात जास्त ठरतो. ज्या कारखान्याने ठरावीक शेतकरी धरून ठेवलेत, त्यांना नीट खुडणी शिकवलीय आणि कोवळ्या पानाला खरोखर चढा भाव दिलाय, त्याचा चहा वर्षामागून वर्ष चांगला लागतो. पाकिटावर ‘हिमालय’ लिहिलेलं सगळ्यांच्याच असतं.

५. झाडाला नेमकं काय लागतं? मग आपल्या सह्याद्रीत का नाही होत?

आम्लधर्मी माती, साधारण साडेचार ते साडेपाच सामू. भरपूर पाऊस, पण मुळाशी न साचणारा, म्हणून उतार. आणि ओलावा वर्षभर थोडा थोडा. इथेच आपला सह्याद्री मागे पडतो. माती चालेल, पाऊस तर नको इतका आहे, पण तो चार महिन्यांत कोसळून संपतो आणि पुढचे सात-आठ महिने कोरडे. नीलगिरी आणि मुन्नारकडे परतीच्या पावसाचाही आधार असतो, म्हणून तिथे मळे आहेत.

इलाममध्ये नवी रोपं बहुतेक बियांपासून नाही, फांदीच्या छाट्यापासून करतात. रोपवाटिकेत वर्ष-दीड वर्ष काढून ती उतारावर समपातळी ओळींत लावतात. पहिली खुडणी तिसऱ्या-चौथ्या वर्षी, आणि मग झुडूप कित्येक दशकं चालतं. जातींची नावं आकडेवजा असतात: एव्ही-२, ताकदा-७८, फूबसेरिंग-३१२, आणि गुम्ती. यांतल्या बऱ्याच दार्जिलिंगच्या मळ्यांत निवडलेल्या आहेत. एव्ही-२ चा फुलांसारखा वास एकदा नाकात बसला की पुन्हा ओळखता येतो.

६. फर्स्ट फ्लश, सेकंड फ्लश म्हणजे काय? कोणता घ्यावा?

हंगामाची नावं आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारी झुडूप वाढत नाही. छाटणी याच दिवसांत होते. मार्चअखेर ते एप्रिल येणारी पहिली पालवी म्हणजे फर्स्ट फ्लश: फिकट रंग, फुलांचा वास, जीभ किंचित आवळणारी चव, आणि सगळ्यांत चढा भाव. हिवाळा कोरडा गेला तर ही पालवी लांबते, आणि एप्रिलची गारपीट एका दुपारीत ती झोडपून टाकते. मेच्या मध्यापासून जूनपर्यंत सेकंड फ्लश, जास्त भरीव आणि फळांच्या अंगाचा. जुलै ते सप्टेंबर पावसाळी चहा. पत्ती सर्वाधिक, वास सर्वांत कमी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शरद ऋतूतला, तांबूस आणि गोडसर.

पहिल्यांदाच घेत असाल तर शरदातला घ्या. तो बिघडवायला अवघड, दोन-चार मिनिटं इकडेतिकडे झाली तरी कडवट होत नाही, आणि फर्स्ट फ्लशच्या मानाने स्वस्त पडतो. फर्स्ट फ्लशचं कौतुक जितकं होतं तितकं सगळ्यांना आवडतंच असं नाही.

७. पान खुडल्यापासून पाकिटात जाईपर्यंत काय काय होतं?

खुडणी: वरची दोन पानं आणि एक कळी, नेपाळीत ‘दुई पात एक सुइरो’. खुडणाऱ्या बहुतेक बायका. कपाळावरून घेतलेल्या नाम्लोच्या पट्ट्याने पाठीवर डोको, म्हणजे वेताची टोपली, धरलेला, दोन्ही हात मोकळे. हंगामात एकाच झुडपाकडे साधारण आठवड्याने परत यावं लागतं. उशीर झाला की पान निबर होतं. एक किलो तयार चहाला चार ते पाच किलो हिरवी पत्ती जाते.

कोमेजवणं: जाळीच्या लांब हौदांत पानं पसरून खालून पंख्याची हवा सोडतात. बारा ते अठरा तासांत पान इतकं लवचीक होतं की मुठीत दाबलं तरी तुटत नाही. हा टप्पा पाहायला कंटाळवाणा वाटतो, पण वासाची तयारी इथेच होते. पावसाळ्यात हवाच ओली असते, मग गरम हवा सोडावी लागते, आणि पावसाळी चहा सपक लागण्याचं एक कारण ही घाई आहे.

वळणं: रोलर म्हणजे कंगोरे असलेल्या गोल टेबलावर फिरणारं भांडं. वरून दाब हळूहळू वाढवतात. पानाच्या पेशी फुटतात, रस पृष्ठभागावर येतो आणि पानाला पीळ बसतो. दाब जास्त झाला तर पानाचा चुरा. काही लहान उत्पादक थोडा चहा हातानेच वळतात. धनकुट्यातल्या हिलेचा जुन चियाबारी हा मळा अशा हाताने वळलेल्या चहासाठी नावाजलेला आहे.

ऑक्सिडेशन: वळलेलं पान थंड, दमट खोलीत पातळ थरात पसरतात. पानातलंच एन्झाइम आणि हवेतला ऑक्सिजन मिळून कॅटेचिन या घटकांचे थिअफ्लेविन आणि थिअरुबिजिन करतात. पहिल्याने चहाला चकाकी आणि तरतरी येते, दुसऱ्याने रंग आणि भरीवपणा. एक ते तीन तास, पण घड्याळ दुय्यम. हिरव्या गवताचा वास जाऊन फळाचा वास आला की थांबायचं, आणि तो क्षण कारागिराचं नाक सांगतं. दहा-पंधरा मिनिटांचा उशीरही कपात कळतो.

वाळवणं आणि चाळणं: शंभर अंशांच्या वरच्या हवेत वीस-तीस मिनिटं. एन्झाइम मरतं, ओलावा ३ टक्क्यांच्या आसपास येतो. मग देठ वेचून, चाळून आकाराप्रमाणे ग्रेड लावतात (प्रश्न ११).

८. पाकिटावर ‘फर्मेंटेड’ लिहिलंय. म्हणजे आंबवलेला? उपासाला चालेल का?

आंबवलेला नाही. चहाच्या धंद्यात ऑक्सिडेशनलाच जुन्या सवयीने फर्मेंटेशन म्हणतात. त्यात यीस्ट नाही की जिवाणू नाहीत. तुमच्या उपासाला साधा चहा चालत असेल तर हाही चालतो.

९. ब्लॅक टी म्हणून फर्स्ट फ्लश मागवला, पण पानं हिरवट आणि चहा पिवळट. फसवलं का?

बहुधा नाही. पहिल्या पालवीला मुद्दाम जास्त कोमेजवतात. पानात पाणी इतकं कमी उरतं की पुढे एन्झाइमला नीट काम करता येत नाही, आणि ऑक्सिडेशन अर्ध्यात राहतं. वास टिकवण्यासाठी दार्जिलिंगमध्ये रुळलेली ही रीत इलामनेही उचलली. काटेकोर बोलायचं तर तो पूर्ण ब्लॅक टी नाहीच. बाजार त्याला त्या खणात ठेवतो. मात्र हीच रंगछटा ‘सेकंड फ्लश’ किंवा ‘शरद’ लिहिलेल्या पाकिटात दिसली तर विक्रेत्याला जरूर विचारा.

१०. ‘मस्कटेल’ वास येतो तो वरून सुगंध फवारून आणतात का?

चांगल्या सेकंड फ्लशमध्ये नाही. यात किडीचा हात आहे. मे-जूनमध्ये तुडतुडे आणि फुलकिडे कोवळ्या पानातला रस शोषतात. पान किंचित आक्रसतं आणि बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं. नीट कोमेजवलं आणि वळलं की त्यांतूनच पिकल्या द्राक्षांसारखा वास येतो. त्यामुळे थोडी कीड उत्पादकाला हवीच असते. सगळ्याच किडी अशा उपकारी नाहीत. आपल्या कोकणात काजूच्या मोहोरावर पडणारा ढेकण्या आहे ना, त्याचाच जातभाई चहाची पालवी जाळून टाकतो आणि त्याच्यापासून मिळत काही नाही. लाल कोळी कोरड्या महिन्यांत येतो.

नेपाळी चहा प्यायल्यावर लगेच अत्तरासारखा वास आला आणि त्याच पत्तीला घातलेल्या दुसऱ्या पाण्यात पार नाहीसा झाला, तर संशय घ्यायला जागा आहे.

११. एसएफटीजीएफओपी१ एवढं मोठं नाव असेल तर चहा उत्तम ना?

ती अक्षरं पानाचा आकार, अखंडपणा आणि सोनेरी कळ्यांचं प्रमाण सांगतात, चव नाही. लांबलचक ग्रेडचा पावसाळी चहा साध्या ग्रेडच्या सेकंड फ्लशपुढे फिकाच. आधी हंगाम वाचा (प्रश्न ६), मग अक्षरं.

१२. मग नेपाळी चहा म्हणजे स्वस्तातलं दार्जिलिंग असंच समजायचं का?

समजू नका. सारखेपणा आहे, तो प्रश्न १ मध्ये आलाय. फरक असा की दार्जिलिंगमध्ये शंभर वर्षांपलीकडची चिनी जातीची झुडपं अजून बरीच आहेत, तर इलाम-धनकुट्यातली बरीचशी लागवड गेल्या तीस-चाळीस वर्षांतली आणि निवडक क्लोनची, म्हणजे छाट्यापासून केलेल्या रोपांची (प्रश्न ५). तरुण झुडपाचा चहा उघडा, सुगंधी आणि मऊ असतो. जुन्या चिनी झुडपाच्या चहात जो खोल, किंचित खडबडीत पोत येतो तो इथे कमी सापडतो. शिवाय नेपाळचे नवे कारखाने लहान आहेत. अशा ठिकाणी एकाच पानाचे चार प्रकारचे चहे करून पाहायला कोणाची परवानगी लागत नाही.

स्वस्त तो आहे, कारण त्याचा भाव खूपदा सीमेपलीकडचा खरेदीदार ठरवतो. ऑर्थोडॉक्सचा बहुतांश माल आजही भारतात येतो.

१३. नेपाळचा चहा दार्जिलिंगच्या नावाखाली विकतात हे खरं का?

तक्रार जुनी आहे आणि निराधार नाही. २०१७ साली गोरखालँड आंदोलनात दार्जिलिंग १०४ दिवस बंद होतं, सेकंड फ्लश झुडपांवरच गेला, आणि ती पोकळी नेपाळी चहाने भरली. त्यानंतर हा वाद वाढला. दार्जिलिंगला भारतात २००४ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि ते नाव नोंदलेल्या ८७ बागांपुरतंच आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये भारतीय चहा मंडळाने आयात चहा अशा मानांकित चहात मिसळायला मनाई करणारे आदेश काढले.

दार्जिलिंगच्या मळेवाल्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण इलामच्या शेतकऱ्याचंही नुकसानच होतं: त्याची पत्ती उत्तम निघाली तर श्रेय दुसऱ्या नावाला, वाईट निघाली की ती ‘नेपाळी भेसळ’. ग्राहक म्हणून करण्यासारखं एकच. बागेचं किंवा कारखान्याचं नाव असलेलं पाकीट घ्या. सुटा ‘दार्जिलिंग’ अगदी कमी भावात मिळत असेल तर तो काय असेल याचा अंदाज बांधा.

१४. डोंगरातला चहा आपोआप सेंद्रिय असतो ना?

नसतो. पाँचथरच्या कांचनजंघा टी इस्टेटसारखे प्रमाणित सेंद्रिय मळे आहेत, पण लहान शेतकऱ्यांकडून पत्ती घेणाऱ्या कारखान्याला (प्रश्न ४) प्रत्येक वाडीची हमी देणं कठीण जातं. शेजारच्या बटाट्यावरची फवारणी वाऱ्याने चहावर येते. प्रमाणपत्राचं नाव छापलं नसेल तर ‘नैसर्गिक’ हा शब्द सजावटीचा समजा.

१५. करायचा कसा? आणि दूध घातलं तर बिघडेल का?

एका कपाला, म्हणजे दीड-दोनशे मिलिलिटरला, दोन-अडीच ग्रॅम पत्ती. फर्स्ट फ्लशला उकळून मिनिट-दोन मिनिटं निवलेलं पाणी, बाकीच्यांना उकळतं चालतं. तीन मिनिटांनी गाळा. पत्ती पाण्यात उकळू नका. आपल्याकडे सर्वाधिक चहा इथे वाया जातो. चांगल्या पत्तीला दुसरं पाणीही घालता येतं.

दूध फर्स्ट फ्लशला अजिबात नको. सेकंड फ्लश किंवा शरदातल्या चहाला चमचाभर चालेल. आलं-वेलची घालून खळखळ उकळायचा असेल तर झापाचा सीटीसी आणा, तो त्यासाठीच आहे (प्रश्न ३).

१६. किती दिवस टिकतो?

हवाबंद डब्यात, उजेड आणि मसाल्यांपासून लांब ठेवला तर ब्लॅक टी दीड-दोन वर्षं बरा राहतो. फर्स्ट फ्लश मात्र वर्षाच्या आत संपवा. फ्रिजमध्ये ठेवू नका. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात मोठं पाकीट उघडण्यापेक्षा लहान लहान घ्यावीत.

१७. यात कॅफिन कमी असतं का?

कमी नाही. कोवळ्या पानांत आणि कळीत कॅफिन जास्तच असतं, म्हणजे फिकट दिसणारा फर्स्ट फ्लश झोपेला फिकट नसतो. आणि रक्तात लोह कमी असेल तर जेवणाबरोबर कोणताही चहा टाळा, तो लोह शोषू देत नाही.

१८. त्याच कारखान्याचा, त्याच हंगामाचा चहा पुन्हा मागवला, चव वेगळी. असं कसं?

ऑर्थोडॉक्स चहा घाण्याघाण्याने तयार होतो आणि प्रत्येक घाण्याला लॉट क्रमांक असतो. त्या दिवशीचा पाऊस, त्या दिवशी कुणाकुणाची पत्ती आली, कोमेजायला किती तास मिळाले, सगळं त्यात उतरतं. काही ब्रँड अनेक लॉट मिसळून चव सारखी ठेवतात, काही मुद्दाम वेगळे विकतात. एखादा चहा फार आवडला तर लॉट क्रमांक लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात आणखी मागवा.

१९. पाकिटावर उत्पादनाचं साल २०८२ छापलंय. छपाईची चूक?

चूक नाही, तो विक्रम संवत. नेपाळचा सरकारी कारभार त्यावरच चालतो. वर्ष एप्रिलच्या मध्याला, वैशाखात बदलतं. गुजराती संवताप्रमाणे दिवाळीला नाही. त्यांचे महिने सौर असल्याने आपल्या पंचांगातल्या त्याच नावाच्या महिन्याशी तारखा जुळतीलच असं नाही. वैशाख ते डिसेंबर असेल तर ५७ वजा करा, जानेवारी ते एप्रिलचा मध्य असेल तर ५६.

गोंधळ होतो तो फर्स्ट फ्लशमध्ये, कारण त्याचा हंगाम नववर्षाच्या अलीकडे-पलीकडे पसरतो. ‘चैत्र २०८१’ आणि ‘वैशाख २०८२’ अशी दोन पाकिटं शेजारी दिसली तर पहिलं वर्षभर जुनं समजून मागे ठेवू नका. दोन्ही २०२५ च्या वसंतातलीच आहेत, कदाचित दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने खुडलेली, आणि चैत्रातली पत्ती त्यातली आधीची पालवी.